पाणी आत शिरल्यानंतर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातले भिव धानोरा हे गाव 2023 साली महाराष्ट्रभर माहीत झाले. जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या या गावातली मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून पाणी ओलांडत आणि शाळा गाठत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पोरांना असा जीव मुठीत धरून शाळेत जावे लागते याची चर्चा तेव्हा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र त्या मुलांना पाण्यावर धरून ठेवणाऱ्या थर्माकोलविषयी एक प्रश्न तिथे मनात येण्यासारखा होता. थर्माकोलचा एक घनमीटरचा ठोकळा वीसएक किलोंचा असतो, आणि तो पूर्ण पाण्याखाली दाबायला जवळजवळ 980 किलोंचा भार लागतो. आता हाच ठोकळा एखाद्या धडधाकट होडीच्या दुहेरी तळात, दोन कवचांच्या मधल्या बंद पोकळीत बसवला, तर ती होडी 980 किलो जास्त वजन पेलेल का? होड्या विकत घेणारे बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. होड्या बांधणाऱ्यांतही असे म्हणणारे सापडतात. खरे उत्तर असे की होडी एक किलोही जास्त पेलणार नाही. ठोकळ्याच्या वजनाइतकी, म्हणजे वीसएक किलोंची, तिची क्षमता उलट कमी होईल. मुलांच्या खाली जो थर्माकोल क्षणोक्षणी काम करत होता, तोच होडीच्या पोटात गेल्यावर काहीच करत नाही. आणि तरीही तो होडीत असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या दोन विधानांत विरोध दिसतो, पण तो आहे तरंगण्याच्या दोन वेगवेगळ्या अवस्था आपण एकच समजतो म्हणून.

पहिली अवस्था शाळेच्या पुस्तकातली. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितले. पाठ सगळ्यांनाच येतो, पण हे बल लागते कुठे याकडे लक्ष जात नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो आणि तो होडीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, जिथे पाणी प्रत्यक्ष टेकते तिथेच पडतो. तळावर वरच्या दिशेने पडणाऱ्या या दाबाची बेरीज म्हणजेच प्लावक बल. कवचाच्या आत हवा आहे, फोम आहे, तांदळाची पोती आहेत की माणसे, यावर बाहेरचा दाब अवलंबून नसतो. आतल्या वस्तूंचा संबंध येतो तो फक्त त्यांच्या वजनापुरता. फोम हवेपेक्षा जड आहे, एवढाच काय तो फरक. कुणी म्हणेल, मग त्या पोकळीत हवेहून हलके काही भरावे. तेही करून पाहू. हवेचा घनमीटर सव्वा किलोच्या आत-बाहेर भरतो. लहान होडीच्या तळातली चारशे लिटर पोकळी पंपाने पूर्ण निर्वात केली, तरी फायदा होईल अर्ध्या किलोचा. म्हणजे होडीच्या पोटात काहीही भरून ती जास्त तरंगती करण्याचा मार्गच निसर्गाने ठेवलेला नाही. होडी जास्त भार पेलणारी हवी असेल तर तिचे बाहेरचे आकारमान वाढवावे लागते किंवा तिचे स्वतःचे वजन कमी करावे लागते.

आकडे घेऊन पाहिले की हे जास्त पटते. समजा, धरणाच्या गोड्या पाण्यात चालणारी अठरा फुटी फायबरची होडी आहे. फायबरचे वजन 400 किलो, मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन 90 किलो, नांगर, इंधनाची टाकी, दोर वगैरे 60 किलो, आणि सरासरी 70 किलोंची सहा माणसे म्हणजे 420 किलो. एकूण 970 किलो. होडी 970 लिटर पाणी बाजूला सारेल आणि तेवढ्यावर स्थिर होईल. आता तिच्या पोकळ्यांत 420 लिटर पॉलियुरेथेन फोम भरला. होड्यांत वापरला जाणारा हा फोम घनमीटरला साधारण 32 किलो भरतो, म्हणजे होडीचे वजन तेरा किलोंनी वाढले. पाण्याच्या पातळीवर अशा होडीचे क्षेत्रफळ सातएक चौरस मीटर असते. तेरा किलोंनी ती दोन मिलिमीटरही खाली जाणार नाही, पण जाईल ती खालीच. धडधाकट होडीवर फोमचा परिणाम विचाराल तर तो एवढाच आहे.

दुसरी अवस्था सुरू होते ती पाणी आत शिरल्यावर. लाट काठावरून आत कोसळते, तळाला भोक पडते, एका बाजूला सगळे उठून उभे राहिल्याने काठ पाण्याखाली जातो, कारण काहीही असो. त्या क्षणी होडीची मोठी ताकद, म्हणजे आतली हवा, निघून जाते. हवा बाहेर आणि पाणी आत, मग कवचाच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब. आता होडी हे मोठे पोकळ भांडे उरलेले नसते. फायबर, लोखंड, ॲल्युमिनियम, रबर यांच्या जोडलेल्या तुकड्यांपैकी प्रत्येकाला त्याने स्वतः व्यापलेल्या जागेपुरतीच उचल मिळते. फायबरची घनता पाण्याच्या दीडपट धरली तर 400 किलो फायबर 267 लिटर जागा व्यापते; 133 किलोंची तूट राहते. इंजिनाची तूट सत्तरएक किलो, बाकी सामानाची तीसएक. माणूस स्वतः जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचा असतो, त्यामुळे छातीपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचा होडीवर पूर्ण भार पडत नाही, फक्त पाण्याबाहेरच्या भागाचा पडतो. जहाजांवरच्या जीवरक्षक नौकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत माणशी 280 न्यूटन, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस किलो, जादा उचल देणारे साहित्य बसवायला सांगितले आहे. तोच आकडा घेतला तर सहा जणांचे 171 किलो होतात. बेरीज चारशेच्या थोडी वर जाते. पाण्याखाली गेलेला एक लिटर फोम स्वतःचे वजन वजा जाता 968 ग्रॅम उचल देतो. म्हणजे वर घेतलेला 420 लिटर फोम ही तूट नेमकी भरून काढतो. ज्या तेरा किलोंनी होडी दोन मिलिमीटरही खाली गेली नव्हती, ते आता चारशे किलो धरून ठेवतात. फोम कालही तोच होता. त्याच्या जागी कालही पाणी नव्हतेच. पण काल तेच काम फुकटची हवा करत होती, आणि आज ती हजर नाही. पाणी शिरल्यावर जागा न सोडणे, एवढेच फोमचे काम आहे.

याचा अत्यंत ठळक पुरावा कुवेतच्या बंदरात मिळाला. 1964 साली ‘अल कुवेत’ नावाचे जहाज हजारो मेंढ्यांसह तिथे बुडाले. कुजणारी मेंढरे आणि त्याच पाण्यावर अवलंबून असलेला शहराचा पाणीपुरवठा, यामुळे जहाज तातडीने हलवणे भाग होते. क्रेनने ओढताना सांगाडा मोडण्याची भीती होती. कार्ल क्रोयर या डेन्मार्कच्या संशोधकाने वेगळा मार्ग काढला. वाफेने फुगवलेल्या पॉलिस्टायरिनच्या, म्हणजे आपल्या थर्माकोलच्याच, कोट्यवधी गोळ्या नळीवाटे बुडालेल्या जहाजाच्या पोटात सोडण्यात आल्या. गोळ्या आत जात राहिल्या, तेवढे पाणी बाहेर पडत राहिले आणि जहाज वर आले. याच गोळ्या ते जहाज तरंगत असताना त्याच्या कोठारांत भरल्या असत्या, तर त्यांच्या वजनाने ते थोडे खालीच बसले असते. जहाज तेच आणि पदार्थही तोच असताना एकदा परिणाम शून्याच्या खाली आणि एकदा संपूर्ण जहाज उचलण्याइतका, कारण दुसऱ्या वेळी गोळ्यांनी पाण्याची जागा घेतली. ‘फोमने तरणशक्ती वाढते का’ या प्रश्नाला मी तरी ‘कशाच्या जागी’ असा प्रतिप्रश्न करीन. हवेच्या जागी असेल तर वाढत नाही, पाण्याच्या जागी असेल तर वाढते.

कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा विषय तातडीचा आहे, कारण तिथे गेल्या काही दशकांत लाकडाच्या जोडीने आणि बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या जागी फायबर आले. सागवानाची घनता पाण्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते. 400 किलो कोरडे सागवान पूर्ण बुडाले तर 600 लिटरांहून अधिक पाणी हटवते, म्हणजे स्वतःला पेलून वर दोनशे किलो देते. लाकूड पाणी पिऊन जड होते, खिळे आणि इंजिन भर घालतात, हे सगळे वजा केले तरी जुन्या होडीची गोष्ट वेगळी होती. ती पाण्याने भरली तरी काठोकाठ तरंगत राही, खलाशी तिला धरून राहत आणि पाणी उपसत. त्या होडीत फोम नव्हता, कारण तिच्या फळीफळीत तो होताच, असे म्हणता येईल. फायबरच्या 400 किलोंत दोनशेची शिल्लक जाऊन 133 ची तूट येते. त्याच वजनाच्या कवचात साडेतीनशे किलोंचा फरक पडतो. फायबर किडत नाही, दरवर्षी डागडुजी मागत नाही, कमी वजनात मोठी होडी देते, म्हणून मच्छीमारांनी ते स्वीकारले आणि ते योग्यच केले. मात्र लाकडाबरोबर जी सुरक्षितता न मागता मिळत होती ती या बदलात गेली, आणि ती किंमत देऊन परत बसवावी लागते, याची नोंद विक्रीच्या वेळी कुणी फारशी करत नाही. ज्या होड्यांना बाजूला उलांडी असते त्यांच्यात लाकडाचा तो ओंडका होडीपासून दूर, बाजूला धरलेला असतो, आणि अंतरामुळे लहानशा लाकडाची उचलही होडीला कलंडू देत नाही. ‘फोम कुठे असावा’ याचे अर्धे उत्तर त्या जुन्या रचनेत आहे.

उरलेले अर्धे उत्तर अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मिळते. लायोनेल ल्यूकिन हा लंडनमध्ये घोडागाड्या बांधणारा माणूस होता. त्याने 1785 साली न बुडणाऱ्या होडीचे पेटंट घेतले. त्याने काठाबाहेर बुचाच्या लाकडाचा जाड पट्टा बसवला, दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे केले आणि तळाला लोखंडाचा जड कणा दिला. उचल वर आणि बाहेर, वजन खाली आणि मध्ये. पुढे 1789 मध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ जहाज फुटले. किनाऱ्यावरची माणसे खलाशांना डोळ्यांदेखत बुडताना पाहत राहिली, कारण त्या लाटांत टिकणारी होडी नव्हती. त्यातून साउथ शील्ड्सला हेन्री ग्रेटहेडने बांधलेली ‘ओरिजिनल’ ही बुचाचे पट्टे लावलेली बचावनौका 1790 मध्ये पाण्यात उतरली. बुचाची जागा पुढे कारखान्यातल्या पदार्थांनी घेतली. ओटो बायरने 1937 मध्ये पॉलियुरेथेन बनवले. अमेरिकी तटरक्षक दलाने 1942 मध्ये सहा माणसांच्या तराफ्यासाठी पॉलिस्टायरिनचा फोम वापरला. पदार्थ बदलत गेले. ल्यूकिनच्या मांडणीतला मुद्दा मात्र पुष्कळदा हरवला, कारण नव्या फोमला ओतण्याची सोय होती आणि ओतायला सर्वांत सोपी जागा म्हणजे पायाखालच्या फळीची पोकळी.

माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. सगळा फोम पायाखाली भरला आणि होडी पाण्याने भरली, तर खालून फोम वर रेटतो आणि वर टांगलेले इंजिन खाली ओढते. उचल खाली आणि वजन वर, ही अवस्था टिकत नाही. आत भरलेले पाणीही स्वस्थ नसते. होडी जराशी कलली की ते सगळे त्या बाजूला धावते आणि कल वाढवते. होडी उलटते आणि पालथी तरंगू लागते. हिशेबाच्या कागदावर ती ‘न बुडालेली’ असते, पण तिच्यात बसलेली माणसे पाण्यात असतात आणि धरायला फक्त निसरडा, गोल तळ असतो. तोच फोम दोन्ही बाजूंना, काठाच्या आतल्या अंगाला, शक्य तितका वर आणि बाहेर बसवला तर कललेल्या बाजूचा फोम जास्त बुडतो, जास्त उचल देतो आणि होडीला परत सरळ करतो. इंजिन मागे असल्याने मागच्या कोपऱ्यांत जास्त फोम लागतो, नाहीतर होडी मागून बुडून पुढचे टोक आकाशाकडे करून उभी राहते. अमेरिकेत 1971 च्या कायद्यानंतर वीस फुटांपेक्षा लहान होड्यांसाठी नियम झाले, तेव्हा त्यांत हाच भेद केला गेला. आउटबोर्ड होड्यांना 1978 पासून पाण्याने भरल्यावरही आडवे, सरळ तरंगणे बंधनकारक झाले. इंजिन आत असलेल्या होड्यांना मात्र होडीचा काही भाग पाण्यावर राहिला की पुरे, अशी सूट आहे. ही दुसरी अट मला अपुरी वाटते. पाण्यावर टोक बाहेर राहिलेल्या होडीला दोन-तीन माणसे धरू शकतील. लहान मूल किंवा म्हातारे माणूस त्या टोकाशी तासभर लटकून राहणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हवाबंद पेट्या बसवल्या तर फोमचा खर्च कशाला? हिशेबाने आक्षेप बरोबर आहे. न फुटलेली हवेची पेटी फोमइतकीच, किंबहुना कणभर जास्त, उचल देते. पण होडीत पाणी शिरते ते बहुतेकदा काहीतरी फुटल्यामुळे, आणि जी धडक तळ फोडते ती पेटी शाबूत ठेवेलच असे नाही. पेटीला एक बारीक चीर पडली की तिची सगळी उचल जाते. फोमच्या ठोकळ्यात खिळा घुसला तर खिळ्याएवढीच जागा जाते, कारण त्याच्या प्रत्येक सूक्ष्म पेशीला स्वतःची भिंत असते. पेटीची झाकणे, त्यांची रबरे, पाइप जाण्यासाठी नंतर कुणीतरी पाडलेली भोके, या सगळ्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि कुणाला कळत नाही. अमेरिकी नियमांत हवेच्या कप्प्यांवर विसंबणाऱ्या होडीची चाचणी सर्वांत मोठे कप्पे उघडे करून घ्यायला सांगितले आहे, ते यासाठीच. तेव्हा पेट्या वापरायला हरकत नाही, पण त्यांतल्या एक-दोन फुटलेल्या आहेत असे धरून हिशेब करावा. तसा हिशेब केला की फोम फारसा महाग राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याला अनुभवाचा आधार आहे: फोम पाणी पितो. बंद पेशींचा फोमही कायमचा कोरडा राहत नाही. कापलेल्या कडांवरच्या पेशी उघड्या असतात, लाटांच्या सततच्या हादऱ्यांनी आतल्या भिंती तडकतात, उष्णतेने बाष्प आत सरकते. दोन कवचांमध्ये ओतलेल्या फोमला वाट नसते, त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. वर घेतलेल्या होडीतल्या 420 लिटर फोमने आपल्या एक पंचमांश जागेत पाणी धरले, तर 84 किलो जादा वजन रोज घेऊन फिरावे लागेल. धडधाकट अवस्थेत होडी बारा मिलिमीटर खाली बसेल, काठ तेवढा पाण्याजवळ येईल, इंधन जास्त जळेल. आणि ज्या दिवशी फोमची गरज पडेल त्या दिवशी चारशेतले चौऱ्याऐंशी किलो गेलेले असतील. म्हणजे ओला फोम दोन्ही अवस्थांत तोटाच करतो. ॲल्युमिनियमच्या होडीत तो धातूला चिकटून गंज वाढवतो. फायबरच्या होडीत आधारासाठी आत लाकडी पट्ट्या असतील तर त्या कुजवतो. साध्या थर्माकोलची आणखी एक अडचण म्हणजे तो पेट्रोलमध्ये विरघळतो. जिथे टाकीतून गळणारे इंधन तळाशी साचते तिथे तो भरणे म्हणजे काही महिन्यांनी तिथे काहीच नसणे. पॉलियुरेथेन पेटला तर विषारी धूर देतो. यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. पण यातून फोम काढून टाका असे निघत नाही. ओतण्याऐवजी ठोकळे बसवा, ते वरच्या बाजूला बसवा जिथे रोजचे पाणी साचत नाही, खाली पाणी वाहून जायला वाट ठेवा, ठोकळा काढून वजन करता येईल अशी झाकणे ठेवा. कोरडा असताना नोंदवलेले होडीचे वजन आणि दर दोन-तीन वर्षांनी काट्यावर घेतलेले वजन यांत फरक पडला तर पाणी कुठे आहे हे शोधावे लागेल. जी वस्तू एका वाईट दिवसासाठी ठेवली आहे ती त्या दिवसापर्यंत शाबूत आहे का, हे पाहण्याची सोय नसेल तर ती ठेवण्याचा अर्थ उरत नाही, आणि बंद कवचात फोम ओतून मोकळे होणाऱ्या कारागिरांशी माझा वाद नेमका इथे आहे.

तिसरे म्हणणे असे की फोममुळे धडधाकट होडीही सुधारते, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या बोस्टन व्हेलरचे उदाहरण देतात. डिक फिशरने 1958 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या होड्यांत फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम भरून सगळे एकसंध केलेले असते. 1961 मध्ये ‘लाइफ’ मासिकात छायाचित्रे आली: फिशर तेरा फुटी होडीत बसलेला, होडी करवतीने मधोमध कापली जाते आहे आणि नंतर तो इंजिन असलेल्या अर्ध्या भागात बसून निघून जातो आहे. जाहिरात म्हणून ती बिनतोड होती आणि त्यात लबाडी नव्हती. पण तिने दाखवले ते काय? उघड्या पडलेल्या अर्ध्या होडीत पाणी येऊनही ती तरंगली, म्हणजे दुसऱ्या अवस्थेतले फोमचे काम. धडधाकट व्हेलरला फोमचा फायदा होतो तो वेगळ्या वाटेने. दोन पातळ कवचे मध्ये अंतर ठेवून जोडली की ती त्याच वजनाच्या एका जाड कवचापेक्षा कितीतरी जास्त ताठ होतात. मग फायबर कमी वापरून चालते, होडी हलकी होते आणि हलकी होडी वर तरंगते. इथे श्रेय वाचलेल्या फायबरला आहे. कारागिराने फोम भरला पण कवच पूर्वीइतकेच जाड ठेवले, तर हा फायदाही मिळत नाही.

मग मोठ्या जहाजांत फोम का नसतो? कारण तिथे पोकळी हीच विक्रीची वस्तू असते. लहान होडीच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढ्या जागेत काम भागते आणि ती जागा काठाच्या आत, बाकांखाली मिळते. पोलादी मालवाहू जहाजाला पूर्ण पाणी भरूनही तरंगते ठेवायचे तर त्याच्या आणि मालाच्या वजनामुळे इतका फोम लागेल की माल ठेवायला जागाच उरणार नाही. म्हणून तिथे आडव्या भिंतींनी कप्पे पाडून पाणी अडवतात. पण तत्त्व तिथेही दिसते. 1966 च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारात डेकवर लाकूड वाहणाऱ्या जहाजांसाठी वेगळ्या खुणा आहेत, आणि नीट बांधलेले लाकूड असेल तर जहाजाला नेहमीपेक्षा थोडे खोल बसण्याची मुभा मिळते. डेकवरचे ओंडके शांत पाण्यात फक्त वजन असतात; जहाज कलंडून डेक पाण्यात जाऊ लागला की तेच ओंडके पाणी हटवू लागतात. नियम करणाऱ्यांनी दोन अवस्था वेगळ्या ओळखल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

सर्वांत धोकादायक चूक मात्र आक्षेप घेणाऱ्यांची नसते, विश्वास ठेवणाऱ्यांची असते. ‘फोम भरलेली आहे, बुडणार नाही’ असे ऐकले की सहाच्या जागी दहा माणसे बसवली जातात. फोमने होडीची वाहण्याची क्षमता वाढत नाही हे वर आकड्यांत दिसले. चार माणसे जास्त म्हणजे 280 किलो जास्त, म्हणजे सात चौरस मीटरच्या होडीचा काठ चार सेंटिमीटर पाण्याजवळ. जी लाट एरवी काठाखालून गेली असती ती आत येते, आणि मग सहा जणांसाठी मोजलेल्या फोमवर दहा जणांचा भार पडतो. 14 सप्टेंबर 2021 रोजी वर्धा नदीत अमरावती जिल्ह्यातल्या झुंजजवळ होडी उलटून अकरा जण गेले. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. अशा प्रत्येक वेळी जीवरक्षक जॅकेटांची चर्चा होते आणि ती रास्तच आहे. जॅकेट हाही माणसाच्या अंगावर बांधलेला फोमच, छातीशी आणि मानेशी, योग्य जागी. पण उलटल्यानंतर होडी स्वतः पाण्यावर राहते का, सरळ राहते का, तिला धरायला दोर किंवा कठडा आहे का, हे प्रश्न त्या चर्चेत येत नाहीत. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. अंतर्गत जलवाहतुकीला देशभर सारखे नियम लावायचे, हा त्यामागचा उद्देश. लहान प्रवासी होडीची नोंदणी करताना त्यात एक चाचणी प्रत्यक्षात घेतली जावी, एवढी अपेक्षा मी ठेवतो. तिला प्रयोगशाळा लागत नाही. धक्क्याशी कमरेएवढ्या पाण्यात होडी न्यायची, इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाचे लोखंड बांधायचे, बाकांवर माणशी ठरलेल्या भाराची वजने ठेवायची, बूच काढून ती काठोकाठ भरू द्यायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. मग एका बाजूची वजने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायची आणि ती उलटते का ते पाहायचे. किती माणसांच्या भाराला ती सरळ राहिली तो आकडा होडीच्या काठावर आतून रंगवायचा, आणि परवान्यावर प्रवाशांची संख्या तीच लिहायची.